पाण्याच्या तोंडासोबत

अण्णा न्हाणीत गेले की मी मोबाईलवर वेळ बघून ठेवायचे. सात मिनिटांपर्यंत ठीक. आठव्या मिनिटाला दाराशी जाऊन तांब्याचा आवाज येतोय का ते ऐकायचे. नवव्या मिनिटाला काहीतरी निमित्त काढून विचारायचे, टॉवेल घेतला का. आतून "व्हय" आलं की माझे गार पडलेले हात पुन्हा गरम व्हायला लागायचे. दोन महिने हे रोज चाललं. आईला वाटायचं, पोरीला टॉवेलचं काय खूळ लागलंय.

अण्णा म्हणजे माझे वडील, संतराम. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर त्यांनी एकतीस वर्षं चौकीदारी केली. धरणातून मोठा कालवा निघतो आणि त्यातून शेतांकडे जाणारे लहान कालवे फुटतात. त्यांना आमच्याकडे चारी म्हणतात. शिरड शहापूरच्या अलीकडे आमचं गाव आहे, आणि गावावरून जाणाऱ्या चारीच्या काठावर दर दोनशे मीटरला एक नंबर घातलेला दगड आहे. आमचं घर दहा नंबरच्या पुलाजवळ. ऑक्टोबरात एका सकाळी चौदा नंबरच्या दगडापाशी, निवृत्तीनंतरही सवयीनं झुडपं तोडताना, अण्णा खाली बसले आणि मग आडवे झाले. तेव्हा साडेदहा वाजले असावेत. शेळ्या घेऊन आलेल्या एका बाईला ते दिसले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. तो पाऊण तास ते शुद्धीवर होते. त्याबद्दल ते एकदाच बोलले, तेही एवढंच की आभाळ लई निळं होतं.

नांदेडला स्टेंट बसवली. घरी पाठवताना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं: पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं सपाट जागेवर चालायचं, मग दहा, मग पंधरा, असं करत अर्ध्या तासापर्यंत जायचं. मला बाजूला घेऊन त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. औषधं त्यांचं काम करतील, पण पेशंट घाबरून खाटेवर बसला तर हृदय ढिलं पडत जातं. दुसरा झटका आला तर नांदेडपर्यंत आणायला वेळ मिळेलच असं नाही. फेब्रुवारीत परत दाखवायला या, आणि तोवर हा माणूस चालता झालेला मला दिसला पाहिजे.

अण्णा चालत नव्हते.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली. बेडकाच्या हृदयाचे ठोके मी कागदावर उतरवलेले आहेत, त्यामुळे हे आपल्याला समजतं असा माझा समज होता. चाललं की ठोके वाढतात. अण्णांच्या शरीराला वाढलेल्या ठोक्यांचा एकच अर्थ माहीत होता, तो चौदा नंबरच्या दगडापाशी शिकलेला. त्यामुळे ठोके वाढले की ते घाबरायचे, घाबरले की ठोके आणखी वाढायचे, आणि ते खाटेवर येऊन बसायचे. बसलं की ठोके उतरायचे. म्हणजे बसल्यामुळे आपण वाचलो हा धडा रोज पक्का होत होता. हे सगळं मी वहीत बाणांनी काढून दाखवू शकत होते. तोडायचं कुठं, ते मात्र कळत नव्हतं.

सुरुवातीलाच मी एक मोठी चूक केली. रक्तवाहिनी कशी बुजत जाते त्याचा एक व्हिडिओ त्यांना मोबाईलवर दाखवला. वाटलं होतं, न चालण्याचा धोका डोळ्यांनी दिसला की ते उठतील. त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला, मोबाईल परत दिला, आणि त्या दिवशी ओसरीच्या खाली पाय ठेवला नाही. नंतर वाचनात आलं की माणसाला भीती घालायची असेल तर हे आपल्याला जमेल असा भरवसा आधी त्याच्याजवळ असावा लागतो, नाहीतर तो त्या गोष्टीकडे बघायचंच सोडतो. हे मी आधी वाचायला हवं होतं.

मग भिंतीवर तक्ता लावला. मग सोबत चालायला लागले. पाच पावलं मागे राहायचं, हातात ऑक्सिमीटर, कमरेच्या पिशवीत जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. दर दोन मिनिटांनी अण्णांना थांबवून बोटाला यंत्र लावायचं. आकडा चांगला आला की मी "छान" म्हणायचे. डिसेंबरातल्या अकरा दिवसांपैकी नऊ दिवस ते सातशे पावलांच्या आसपास थांबले. बारा नंबरच्या दगडापाशी. तिथून पुढचे दोन दगड नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

"झालं," म्हणायचे, आणि वळायचे.

एक दिवस मला कामासाठी हिंगोलीला जावं लागलं. संध्याकाळी परत आले तर आई भाकरी थापता थापता सहज म्हणाली की वासरू सुटलं होतं, तुझ्या अण्णांनी शाळेच्या मागून धरून आणलं. मी हातपाय न धुता शाळेच्या मागपर्यंत चालत गेले आणि पावलं मोजली. नुसती जायचीच सोळाशे भरली. मला इतका आनंद झाला की तशीच पळत घरी येऊन मी तो आकडा अण्णांना सांगितला.

त्यांचा चेहरा उतरला. "सोळाशे?" त्यांनी विचारलं, आणि छातीवर हात ठेवला. पुढचे दोन दिवस ते खाटेवरून उठले नाहीत.

ते दोन दिवस मी वहीकडे बघत बसले. वासराच्या दिवशी दोन गोष्टी वेगळ्या होत्या. रस्ता चारीकडे जाणारा नव्हता, आणि मी नव्हते. दोन्ही एकदम बदलल्यामुळे कशाचा किती भाग, ते सांगता येत नव्हतं. पण दुसऱ्या शक्यतेचाच मला जास्त विचार करावा लागला. वडिलांना मीच घाबरवत असेन तर?

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुबश्शीर आला. त्याचे वडील अन्सारचाचा म्हणजे अण्णांच्या बरोबरीचे जुने चौकीदार. ते निवृत्त झाले आणि आता मुबश्शीर कंत्राटावर तेच काम करतो. गव्हाच्या दुसऱ्या पाण्याची पाळी सुटणार होती. अण्णांच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसत तो म्हणाला, "काका, तुमी हितं आराम करून राहिले अन् तिकडं तुमचं पाणी वळणं इसरलं."

अण्णा हसले. बऱ्याच दिवसांनी.

मुबश्शीरनं सांगितलं की आता चार चाऱ्या, एक मोटारसायकल आणि तो एकटा. गेट उघडायचं, व्हॉट्सॲपवर टाकायचं, पुढच्या चारीवर पळायचं. मागच्या पाळीला सतरा नंबरला, जिथं चारी ओढ्याखालून सिमेंटच्या पाइपातून जाते, तिथं कचरा अडकला आणि काठावरून पाणी जाऊन दोन एकर हरभरा बुडाला. लोकांच्या शिव्या खाऊन खाऊन पोट भरतं म्हणाला, घरी जेवायची तकलीफच नाही.

"तोंडासोबत कोण गेलं होतं?" अण्णांनी विचारलं.

कोणीच नाही, मुबश्शीर म्हणाला. आता कोणी जात नाही.

कोरड्या चारीत पाणी सोडलं की त्याची पुढची कड सरकत सरकत येते, तिला चौकीदार पाण्याचं तोंड म्हणतात. अण्णांच्या काळात त्या तोंडाबरोबर एक माणूस काठानं चालायचा. समोरचा काटाकचरा काठीनं ओढून काढायचा, चारीत कोणी शेळी बांधली असेल, कपडे वाळत घातले असतील तर ओरडायचा. दहा ते वीस नंबर हा अण्णांचा तुकडा होता. ते मुबश्शीरला समजावून सांगायला लागले. तोंड एकटं सोडायचं नसतं, ते जिथं अडतं तिथं मागचं पाणी काठ शोधतं. बोलताना ते खाटेवरून उठून उभे राहिले होते आणि हातानं पाइपाचा आकार दाखवत होते. मी घड्याळ बघितलं. त्यांना उभं राहून नऊ मिनिटं झाली होती आणि ते त्यांना कळलेलं नव्हतं.

मुबश्शीर म्हणाला, "मंग चला ना काका. पाणी तर आता तुमच्यापेक्षाबी हळू चालतं."

मी लगेच नाही म्हणाले. अण्णा माझ्याकडे बघत राहिले, आणि मला वाटतं त्या बघण्यातच ते ठरलं.

मी हिशेब केला. कोरड्या चारीत तोंड तासाला दोन किलोमीटर जातं. दहा ते वीस म्हणजे दोन किलोमीटर, एक तास. इतकं हळू चालणं म्हणजे जवळपास रेंगाळणंच. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सपाट आहे ना, मग हेच तर मी सांगतोय. गोळ्या खिशात हव्यात आणि काही उचलायचं, ओढायचं नाही. कागदावर सगळं बरोबर होतं. फक्त रस्ता चौदा नंबरवरून जात होता.

आदल्या दिवशी अण्णांनी मला जवळ बोलावलं.

"तू संग यायचं न्हाई," ते म्हणाले.

मी म्हटलं, मी लांबून येते, दिसणारही नाही.

"तू मागून येऊन राहिली की मला दुसरं काही ऐकूच येत न्हाई, पोरी. नुसतं काळीज." त्यांनी माझ्या हातातल्या ऑक्सिमीटरकडे बघितलं. "वीसच्या पुलावर थांब. तिथं येतो म्या. अलीकडं यायचं न्हाई. शब्द दे."

मी शब्द दिला. मीच त्यांना घाबरवत असेन, हे वहीत मीच लिहून ठेवलेलं होतं, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती.

सकाळी मी गोळ्यांची एक पट्टी अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं. दुसरी पट्टी माझ्या पिशवीत. फोन चार्ज करून त्यांच्या हातात दिला. काही ओढायचं नाही हे तीन वेळा सांगितलं. मुबश्शीरनं सातला गेट उघडलं, म्हणजे तोंड आठला आमच्या पुलाखाली येणार होतं. पावणेआठला मी स्कूटी घेऊन डांबरी रस्त्यानं वळसा घालून वीसच्या पुलाकडे निघाले. चारीच्या काठावर बाभळी इतक्या वाढल्यात की तिथून गाडी जात नाही.

वीसच्या पुलावर कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंना हळद उभी होती, पानं पिवळी पडून खाली झुकलेली. खाली चारी कोरडी, तळाला भेगा. वरच्या अंगाला एकोणीस नंबरच्या दगडापर्यंतचा सरळ तुकडा दिसत होता. त्याच्या पुढे वळण.

आठ चोवीसला ते चौदा नंबरपाशी असतील, असा माझा हिशेब होता. आठ चोवीस झाले तेव्हा मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होते. पंचवीस, सव्वीस. काहीच घडलं नाही, आणि काही घडलं असतं तरी इथं कळलं नसतं. साडेआठला मी पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लागले.

आठ एक्केचाळीसला आईचा फोन आला.

"पुनम, यांचा पांढरा सदरा इथंच खुंटीला हाय."

मला काही कळेना. मी विचारलं, मग काय घालून गेले.

"खाकी. ड्युटीचा. पेटीतून काढला सकाळी, तू गेल्यावर." मग म्हणाली, "फोन बी खाटेवरच पडलाय. पाण्यात पडतो म्हणले. खिशात त्या गोळ्या हायेत ग."

मी तिला सांगितलं, काही होत नाही, घाबरू नको. फोन ठेवला आणि पुन्हा वेळ बघितली.

मी विचार करायचा प्रयत्न केला. आता निघाले तर अठरा-एकोणीसच्या दरम्यान ते मला समोरून येताना दिसतील. मला येताना बघतील. दिलेला शब्द मोडेल, आणि माझ्या चेहऱ्यावर काय आहे ते त्यांना लांबून कळेल. हे ते चालत असतील तर. चालत नसतील तर चोवीसपासून आतापर्यंत सतरा मिनिटं गेली होती. मागच्या वेळी पंचेचाळीस गेली होती. मी ठरवलं, नऊपर्यंत थांबायचं, तोवर दिसले नाहीत तर जायचं. असं ठरवून मी उभी राहिले. मी थांबले ती दिलेल्या शब्दासाठी, की तिथं जाऊन काय बघावं लागेल या भीतीनं, हे मला आजही ठरवता येत नाही.

आठ छप्पनला वळणावर बगळे दिसले.

आधी चार, मग सात-आठ. चारीच्या तळातून ते चालत येत होते, मान पुढे काढून, मध्येच टोच मारत. त्यांच्या मागे एक गढूळ, फेसाळ कड सरकत होती. काड्या, वाळलेली पानं, एक चप्पल, प्लास्टिकची बाटली असं सगळं पुढे ढकलत ती येत होती. तळातल्या भेगांमधून किडे बाहेर पडून तिच्यापुढे पळत होते आणि बगळे ते टिपत होते. आवाज फार नव्हता. कोरड्या मातीत पाणी शिरताना होतो तसा फक्त एक सलग चरचर.

मी काठाकडे बघितलं. डावा काठ, ज्यावरून ते येणार होते. मग उजवा. एकोणीस नंबरचा दगड दिसत होता. बाभळीची सावली दिसत होती. तोंड माझ्याकडे येत होतं आणि त्याच्यासोबत कोणीही नव्हतं.

मी पळायला लागले.

पिशवी पुलाच्या कठड्यावर राहिली. हे मला नंतर कळलं. गोळ्या तिथं, ऑक्सिमीटर तिथं. मी नुसती पळत होते. बाभळीच्या फांद्या तोंडावर येत होत्या, ओढणी एका काट्यात अडकली ती तशीच सोडली. एकोणीस. वळण. पुढचा काठ रिकामा. माझ्या उजव्या बाजूला चारीतून पाणी उलट्या दिशेनं जात होतं, निवांत. अठरा. रिकामा. मी त्यांना हाक मारत नव्हते, कारण हाकेला उत्तर आलं नसतं तर मग पुढे काय, असं काहीतरी डोक्यात होतं. छातीत दुखायला लागलं होतं. घसा कोरडा, कानात धपधप, हाताची बोटं बधिर. एका क्षणी मला खरंच वाटलं की मलाच काहीतरी होतंय.

सतराला ओढा आडवा आला. मी तळातल्या दगडांवरून उतरले, एक पाय डबक्यात गेला, पलीकडे चढले.

पाइपाच्या तोंडाशी ओल्या कचऱ्याचा ढीग होता. गुडघ्याएवढा. बेशरमाच्या फांद्या, खताच्या पिशव्या, कोणाची तरी गोधडी, सगळं काठावर ओढून टाकलेलं, अजून पाणी गळत होतं. ढिगाशेजारी अण्णांची काठी पडलेली होती.

काठीचा अर्थ मला लगेच लागला. ढिगाचा लागला नाही. ढीग ओला होता, म्हणजे तोंड इथं आलं तेव्हा ते इथं होते, म्हणजे चौदा नंबर मागे पडला होता. एवढं साधं अनुमान मला सुचलं नाही. मला फक्त दिसलं की त्यांनी ओढलं होतं, जे ओढायचं नाही असं मी तीन वेळा सांगितलं होतं, आणि आता काठी होती आणि माणूस नव्हता. मी चारीच्या पाण्यात बघितलं. पाणी गढूळ होतं. पाइपाच्या तोंडाशी ते गोल फिरत आत जात होतं. मी त्या भोवऱ्याकडे बघत गुडघ्यांवर बसले.

"तोंड गेलं का पुढं?"

आवाज मागून आला, खालून. काठाच्या पलीकडच्या उतारावर, वारा लागणार नाही अशा बाजूला, अण्णा मातीला पाठ टेकून बसले होते. खाकी सदरा ओला, बाह्या कोपरापर्यंत वर, चपला शेजारी काढून ठेवलेल्या. कपाळावर घाम नव्हता. हे मी आधी बघितलं.

मी मान हलवली.

"वीसला पोचलं?"

मी परत मान हलवली आणि त्यांच्याशेजारी जाऊन पडले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. ओढणी नाही, एक पाय चिखलात, तोंडावर ओरखडे.

"शब्द दिलता तू," ते म्हणाले.

रागानं नाही. मी त्यांच्या सदऱ्याच्या रिकाम्या खिशाकडे बोट केलं. ते सांगायला लागले, हळूहळू, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतायत. पाइपाशी गोधडी अडकली होती. काढली नसती तर परत हरभरा गेला असता. ओढताना छातीत धडधड सुरू झाली, जोरात. खिशात हात घातला तर खिसा रिकामा. तेव्हा आठवलं, सदरा वेगळा आहे. फोन नाही. पोरगी तीन दगड पुढे.

"मंग?" मी विचारलं.

"मंग बसलो. करतो काय?" त्यांनी गवताची एक काडी तोडली. "त्या दिवशी चौदाला बसलो होतो तव्हा बसल्यावर वाढलं होतं. जबडा दुखला, हात दुखला, घामानं अंग भिजलं. आज बसलो अन् वाट बघितली. जबडा न्हाई. हात न्हाई. धडधड उतरत गेली. गाडी बंद केल्यावर इंजन गार होतं ना, तशी. मंग म्हणलं, हे ते न्हाई. हे ओढल्याचं हाय."

मी तीन महिने बाणांनी काढत होते ते हेच. मी काढलेलं त्यांच्या कामी आलं नव्हतं.

"चौदाला थांबलात का?" मी विचारलं.

त्यांनी आठवून बघितलं. "तिथं एक शेळी बांधली होती चारीत. तिला सोडेपर्यंत तोंड आलं. दगड कोण्या बाजूला ऱ्हायला, ते पायलंच न्हाई."

माझा श्वास अजून बसला नव्हता. अण्णांनी माझं मनगट धरलं आणि दोन बोटं नाडीवर ठेवली. मी रोज त्यांच्या बोटाला यंत्र लावायचे तसंच, डोकं थोडं वाकवून.

"तुझी तर माझ्यापेक्षा जोरात हाय," ते म्हणाले. "दुखून राहिलं?"

मी हो म्हणाले.

"काहून घाबरली? पळाल्यानं होतं ते. बस जरा, उतरतं."

आम्ही बसलो. त्यांची बोटं माझ्या मनगटावरच होती. मला रडायचं होतं पण त्यांना ठोके मोजता यावेत म्हणून मी रडले नाही. समोर कोणाचा तरी गहू वाऱ्यानं हलत होता. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, उतरली.

मी उठले आणि सांगितलं की तुम्ही इथंच बसा, मी आईला फोन करते, मुबश्शीरला बोलावते. मग लक्षात आलं की माझा फोन पिशवीत आहे आणि पिशवी पुलावर आहे. गोळ्याही तिथंच. इथून घर चौदाशे मीटर, वीसचा पूल सहाशे. दोन्हीकडे पायीच जायचं होतं. मी हे त्यांना सांगितलं.

अण्णांनी चपला घातल्या, काठी उचलली. "चल," म्हणाले. "तोंड वीसच्या पुढं एकटं गेलं असंल. बघून तर येऊ."

मी सवयीनं बाजूला झाले, ते पुढे जावेत म्हणून.

"तू पुढं हो," ते म्हणाले. "अन् मागं वळायचं न्हाई."

मी पुढे झाले. ओढा उतरताना त्यांना हात द्यावासा वाटला, पण हात द्यायला वळावं लागलं असतं. मी पलीकडे चढले आणि ऐकत राहिले. खडे घसरले, पाण्यात पाय पडला, मग काठीचं टोक मातीत. चढले. त्यांच्या ओल्या चपलांचा एक आवाज येत होता, पाऊल उचललं की चुळ्ळक. मी त्या आवाजावर चालायला लागले. उजव्या पायाचा जरा मोठा, डाव्याचा बारीक. डाव्या हाताला पाणी आता आमच्याच दिशेनं चाललं होतं, पण आमच्या पुढे, भरून. माझी ओढणी काट्यावर लटकलेली दिसली, ती काढून घेतली आणि तेवढ्यातही मागे बघितलं नाही.

अठरा नंबरच्या दगडापाशी आवाज थांबला.

माझी मान आपोआप वळायला लागली होती, ती मी थांबवली. नजर दगडावरच्या आकड्यावर ठेवली. चुन्यानं लिहिलेला, अर्धा उडालेला. छातीत परत तेच सुरू झालं, मघासारखं, पळाले नव्हते तरी. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. मागे काहीच हालचाल नव्हती. सात. आठ. बसले असतील. बसून उतरायची वाट बघत असतील. किंवा नसतील. अकरा. बारा.

सोळाव्या आकड्याला मागे काठी मातीत टेकली, आणि मग चपलेचा आवाज आला. मी पाऊल उचललं.